गोखल्यांना नसलेले मत

मार्च १९०२ मध्ये पुण्याच्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात मिठावरच्या कराचे वाभाडे काढले. अंदाजपत्रकावर बोलायची मुभा होती, मत द्यायची नव्हती. १९०९ च्या सुधारणांनंतर ठराव मांडता येऊ लागले, पण ते सरकारवर बंधनकारक नव्हते आणि बहुमतही सरकारी सभासदांचेच राहिले. अशा सभागृहात त्यांचे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. हा पराभव आजही बोचतो.

आता संसदेने कायदा केल्याशिवाय केंद्राच्या तिजोरीतून पैसा निघत नाही. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण तिने २००२ च्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्क केले. राज्यघटनेची मूळ चौकट मात्र तिलाही मोडता येत नाही. १९७३ च्या केशवानंद भारती निकालाने ती सीमा आखली.