होडीला बिलगणारा देवमासा

मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियाच्या वाळवंटाला लागून ओहो दे लिएब्रे आणि सान इग्नासिओ नावाच्या दोन उथळ खाड्या आहेत. आर्क्टिकच्या गोठवणाऱ्या समुद्रातून हजारो किलोमीटर पोहत राखाडी देवमासे दर हिवाळ्यात इथे उतरतात. पाणी उबदार, लाटा नाहीत. बाळंतपणाला याहून चांगली जागा कुठली? जन्मतःच साडेचार मीटरचं असलेलं पिल्लू इथे आईच्या दाट दुधावर पोसतं.

१८५७ साली कॅप्टन चार्ल्स स्कॅमन शिकारीसाठी ओहो दे लिएब्रेत शिरला. घायाळ माद्यांनी शेपटीच्या तडाख्यांनी त्याच्या होड्या फोडल्या, खलाश्यांची हाडं मोडली. मग त्याने युक्ती काढली. देवमाशाला येता येणार नाही इतक्या उथळ पाण्यात होडी नांगरायची आणि खोल पाण्यातून जाणाऱ्या देवमाशांवर तिथूनच स्फोटक भाले झाडायचे. बातमी फुटताच मागोमाग इतर जहाजं आली. शिकारी या प्राण्याला सैतान म्हणत. पिल्लासाठी जिवावर उदार होणाऱ्या आईला सैतान! याच स्कॅमनने १८७४ साली सागरी सस्तन प्राण्यांवर मोठा ग्रंथ लिहिला आणि ही जात उरेल की नाही, अशी शंका त्यात मांडली.

ती उरली. १९४६ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर तिच्या व्यापारी शिकारीला बंदी आली. १९५५ साली सान डिएगोत माणशी एक डॉलर घेऊन लोकांना हेच देवमासे दाखवायला बोट निघू लागली. सगळ्याच मोठ्या देवमाशांची व्यापारी शिकार थांबवायचा ठराव अमलात यायला मात्र १९८६ उजाडलं.

सान इग्नासिओचे कोळी देवमाशांना भिऊनच असत. ते जवळ येऊ नयेत म्हणून होडीवर ठोकून आवाज करत. १९७२ साली फ्रान्सिस्को मायोराल हा कोळी मासेमारी करत असताना एक देवमासा त्याच्या छोट्या होडीखाली येऊन अंग घासू लागला. तो हलेचना. शेवटी मायोरालने धीर करून हात पुढे केला. आधी बोटं टेकवली, मग तळवा. देवमासा तिथेच थांबला.

आज तिथे आया आपल्या पिल्लांना घेऊन होड्यांजवळ येतात. पिल्लाची कातडी लागते सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखी गुळगुळीत. त्या असं का करतात, याचं पक्कं उत्तर कुणापाशी नाही. पाठलाग करून ही भेट होत नाही, एवढं मात्र तिथले नावाडी जाणतात. होडी संथ ठेवायची आणि वाट पाहायची. जवळ यायचं की नाही ते देवमासा ठरवतो. मला यातलं सगळ्यात मोठं नवल हेच वाटतं.

या खाडीकाठी मिठाचा प्रचंड कारखाना होणार होता. जगभरातून विरोध झाला आणि २००० साली मेक्सिकोने तो बेत सोडला. आता संकट उत्तरेकडून येतंय. आर्क्टिकच्या तळाशी मिळणारं खाद्य घटल्याने २०१९ पासून कितीतरी देवमासे उपाशी, रोडावलेले किनाऱ्याला लागले. २०१६ मध्ये सुमारे २७,००० असलेली संख्या २०२५ च्या अंदाजात १३,००० च्या आसपास आली आहे आणि खाड्यांत पिल्लंही कमी दिसू लागली आहेत.