नाकाच्या दांड्याची शस्त्रक्रिया : रूप आणि श्वास

नाकाच्या दांड्यावरचा उंचवटा तासला की नाक सरळ झाले, इतका हा विषय अनेकांना सोपा वाटतो. परंतु हा दांडा श्वासमार्गाचे छप्पर आहे. त्याचा वरचा सुमारे एक तृतीयांश भाग हाडाचा असतो. त्याखालचा कूर्चेचा, म्हणजे कानाला आकार देणाऱ्या लवचीक ऊतीसारखा. मधोमध उभा असलेला पडदा हा या छपराचा खांब. त्याचा हिशेब चुकला, तर देखणे झालेले नाक श्वासाला अपुरे पडते.

बर्लिनचे शल्यविशारद जाक जोसेफ यांनी १८९८ मध्ये नाक लहान करण्याची शस्त्रक्रिया केली. त्यांच्या परंपरेतून रूढ झालेल्या पद्धतीत हाडाचा व कूर्चेचा उंचवटा कापून काढतात. त्यामुळे वर फट पडते आणि दांडा सपाट, रुंद दिसू लागतो. ती मिटवण्यासाठी दोन्ही बाजूंची हाडे पायथ्याशी छेदून मध्याकडे सरकवतात. हाडे सांधली जातात. खरी कसोटी असते ती त्याखालच्या भागात. तेथे पडदा व बाजूची कूर्चा यांच्यामध्ये साधारण १० ते १५ अंशांचाच कोन असतो आणि नाकातील हवेची सर्वांत अरुंद वाट हीच. आधार गेलेल्या कूर्चा आत कलल्या, की ही वाट आणखी आवळते. यावर अमेरिकेतील जॅक शीन यांनी १९८४ मध्ये मांडलेला उपाय आजही वापरला जातो : पडद्यातूनच काढलेल्या कूर्चेच्या बारीक पट्ट्या दोन्ही बाजूंना पाचरीसारख्या बसवायच्या.

दुसरा मार्ग छप्पर न फोडण्याचा. पडद्याची एक पट्टी काढून व बाजूची हाडे सैल करून संपूर्ण दांडाच खाली उतरवतात. शिकागोचे मॉरिस कॉटल यांनी १९५० च्या दशकात पुरस्कारलेली ही कल्पना गेल्या काही वर्षांत पुन्हा मानाने परतली आहे. मात्र अपघाताने वाकड्या झालेल्या नाकाला ती सहसा सोयीची नाही.

बसक्या नाकात दांडा उंच करण्यासाठी पडद्याची, कानाची वा बरगडीची कूर्चा वापरतात. बरगडीची कूर्चा भरपूर मिळते, पण कालांतराने वाकू शकते. पूर्व आशियात सिलिकॉनचा वापर मोठा आहे. त्यात जंतुसंसर्गाचा आणि रोपण सरकण्याचा धोका राहतो.

शस्त्रक्रियेविना, ‘फिलर’च्या सुईने दांडा उंच करण्याची जाहिरात हल्ली मोबाइलवर सतत दिसते. ती निरुपद्रवी समजू नये. हे द्रव्य चुकून रक्तवाहिनीत गेले, तर त्वचा मरू शकते. क्वचित कायमचे अंधत्वही येते. पार्लरमध्ये तर हे करून घेऊच नये.

शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्याने छायाचित्रे पाहण्याआधी शल्यविशारदाला विचारावे : पडदा आज सरळ आहे का, आणि उंचवटा काढल्यावर मधल्या भागाला आधार कशाचा? नाकावरची पट्टी साधारण आठवडाभरात निघते. सूज पूर्ण ओसरायला वर्ष लागू शकते. म्हणूनच दुरुस्तीची दुसरी शस्त्रक्रिया सहसा वर्षाच्या आत करत नाहीत.