फ्रीजखालचं पाणी येतं कुठून?

फ्रीजखाली ओल दिसली की घरोघरी एकच क्रम चालतो. बाटली कुणी सांडली म्हणून आधी मुलांची चौकशी होते, मग फडकं फिरतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच पाणी दिसलं की कुणीतरी ठामपणे सांगतं, ‘गॅस गेला असणार.’ या पाण्याचा आणि गॅसचा काही संबंध नाही. फ्रीजच्या बंद नळ्यांमधून फिरणारा वायू गळलाच, तर तो हवेत उडून जातो. लादीवर पाणी होऊन तो साचत नाही. आपल्याकडच्या बहुतेक फ्रीजना नळाची जोडणीही नसते. तेव्हा आत एखादं भांडं कलंडलेलं नसेल, तर ते पाणी आपल्याच स्वयंपाकघरातल्या हवेचं आहे असं खुशाल समजावं.

हवेत पाणी किती असतं याचा अंदाज आपल्याला सहसा नसतो. ३० अंश सेल्सियस तापमानाची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त ३० ग्रॅम बाष्प धरू शकते. तीच हवा ४ अंशांपर्यंत थंड केली की तिच्यात जेमतेम साडेसहा ग्रॅम मावतं, आणि फ्रीजरच्या उणे १८ अंशांना तर एक ग्रॅमच्या आसपास. उरलेल्या बाष्पाला पाणी किंवा बर्फ होण्यावाचून गत्यंतर नसतं. थंड ताकाचा पेला बाहेरून ओला होतो तो याच कारणाने. जुलै महिन्यात मुंबईत, रत्नागिरीत किंवा पणजीत दर घनमीटर हवेत २५ ग्रॅम बाष्प सहज असतं. अडीचशे लिटरच्या फ्रीजमधली सगळी हवा एकदा बदलली, तर चार-पाच ग्रॅम पाणी आत राहतं. दार दिवसातून पंचवीस-तीस वेळा उघडलं, त्यात धुवून ओलीच ठेवलेली कोथिंबीर आणि झाकण नसलेलं आमटीचं पातेलं यांची भर पडली, की दिवसाला वाटीभर पाणी जमायला वेळ लागत नाही. एप्रिलमधल्या नागपुरात पारा चाळिशी ओलांडतो, पण हवा कोरडी असते आणि बाष्प याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणून नागपूरहून बदली होऊन ठाण्याला आलेल्या कुटुंबाचा फ्रीज पहिल्याच पावसाळ्यात बर्फ धरू लागला, तर प्रवासात यंत्र बिघडलं असं लगेच मानू नये.

हे पाणी येणार हे फ्रीज बनवणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं. त्याच्यासाठी एक वाट आखलेली असते. बाष्प आतल्या सर्वांत थंड भागावर, म्हणजे कॉइलवर, बर्फ होऊन चिकटतं. तो बर्फ ठरावीक वेळाने वितळवला जातो. ते पाणी पन्हळीतून एका छिद्राशी आणि तिथून नळीवाटे मागच्या बाजूला, कॉम्प्रेसरवर बसवलेल्या ट्रेमध्ये उतरतं. कॉम्प्रेसर चालताना तापतो, त्याच्या उष्णतेने पाणी हळूहळू उडून जातं आणि पुन्हा स्वयंपाकघराच्या हवेत मिसळतं. पाणी गळत असेल तर ही वाट कुठेतरी अडलेली किंवा फुटलेली असते. बर्फ साचत असेल तर तो वेळेवर वितळत नाही, किंवा बाष्पच नको तितकं आत येतंय. हे दोन प्रश्न वेगळे ठेवले की निम्मा गोंधळ संपतो.

एका दाराच्या फ्रीजमध्ये वितळवण्याचं काम घरच्या माणसावर सोपवलेलं असतं. थर्मोस्टॅटच्या गोल बटणाच्या मधोमध एक छोटं बटण असतं, ते दाबलं की कॉम्प्रेसर थांबतो, बर्फ सुटतो, आणि कप्प्याचं तापमान पुरेसं चढलं की बटण आपोआप बाहेर येऊन थंडावा पुन्हा सुरू होतो. बर्फाचा थर अर्धा सेंटिमीटर झाला की हे करावं. प्रत्यक्षात पुष्कळ घरांत त्या बटणाला महिनोन्‌महिने हात लागत नाही. बर्फ दिसायला थंडगार असला तरी त्या पांढऱ्या भुसभुशीत थरात हवा कोंडलेली असते, आणि ती थंडावा अडवते. थर जितका जाड, तितका कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो आणि खालच्या दुधाला थंडावा कमी पोचतो. मग दूध नासतं म्हणून बटणाचा आकडा वाढवला जातो आणि बर्फ आणखी वाढतो.

याच फ्रीजमधली दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे भाजीच्या कप्प्यात पडणारं पाणी. फ्रीजरखाली जो आडवा ट्रे असतो, तो वितळलेलं पाणी झेलण्यासाठीच असतो. त्याची मागची पन्हळ भिंतीतल्या छिद्राच्या बरोबर वर यावी लागते. ट्रे धुवून परत लावताना तो बोटभर पुढे राहिला, की पाणी छिद्र सोडून खालच्या टोमॅटोंवर ठिबकतं. ट्रे नीट मागे सरकवला की काम होतं. काही जुन्या मॉडेलांत पाणी ट्रेमध्येच साठतं आणि हाताने ओतून टाकावं लागतं, हे घरात नव्याने आलेल्या माणसाला सांगून ठेवलेलं बरं.

दोन दारांच्या, ‘फ्रॉस्ट फ्री’ म्हणून विकल्या जाणाऱ्या फ्रीजमध्ये बर्फ होतच नाही असा समज आहे. तो होतो, फक्त नजरेआड. फ्रीजरच्या मागच्या पॅनेलमागे कॉइल असते, एक पंखा तिच्यावरची थंड हवा वर-खाली फिरवतो. नेहमीच्या टायमरवाल्या मॉडेलांत कॉम्प्रेसर सहा ते बारा तास चालून झाला की कॉइलखालचा हीटर थोडा वेळ चालू होतो आणि बर्फ वितळवतो. नव्या मॉडेलांत हा हिशोब इलेक्ट्रॉनिक कार्ड ठेवतं. या रचनेत बर्फ कुठे आणि कसा धरला आहे, यावरून बिघाड बराचसा ओळखता येतो. माझ्या मते मेकॅनिकला फोन करण्याआधी प्रत्येकाने दहा मिनिटं काढून एवढं तरी पाहावं.

फ्रीजरच्या तळाशी काचेसारखी बर्फाची लादी धरली असेल आणि खाली भाजीच्या ट्रेखाली पाणी साचत असेल, तर निचऱ्याचं छिद्र तुंबलं आहे. हीटर आपलं काम करतोय, बर्फ वितळतोय, पण पाण्याला पुढे वाट नाही, म्हणून ते तळावर पसरून पुन्हा गोठतं. याउलट मागच्या पॅनेलवर पांढरा भुरभुरीत बर्फ दिसत असेल, पंखा खरखरत असेल किंवा बंदच पडला असेल, वर आइस्क्रीम टणक पण खाली दूध कोमट असेल, तर हीटर, टायमर, तापमान ओळखणारा सेन्सर किंवा फ्यूज यांपैकी काहीतरी गेलं आहे. कॉइल बर्फात बुजली, हवा फिरायची थांबली आणि खाली थंडावा पोचेना. आणि बर्फ फक्त दाराच्या तोंडाशी, एका कोपऱ्यात धरत असेल, तर दाराच्या रबराकडे बघावं.

दुसऱ्या प्रकाराची खात्री करण्याचा एक सोपा उपाय आहे. सामान शेजारी किंवा बर्फाच्या पेटीत हलवून फ्रीजचा प्लग काढावा आणि दोन्ही दारं उघडी टाकून पूर्ण दिवसभर तसाच ठेवावा. खाली जुने टॉवेल अंथरावेत, पाणी बरंच निघतं. पुन्हा सुरू केल्यावर सगळं झकास चाललं आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी तीच रड सुरू झाली, तर कॉम्प्रेसर आणि गॅस दोन्ही ठीक आहेत, वितळवणारी यंत्रणा बंद आहे. एरवी याच लक्षणांवर महागडी दुरुस्ती गळ्यात पडू शकते, म्हणून हा एक दिवस घालवण्यासारखा आहे.

तुंबलेलं छिद्र मात्र घरी मोकळं करता येतं. प्लग काढलेला हवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. मोठ्या सिरिंजने कोमट पाणी थोडं थोडं छिद्रात सोडत राहावं. उकळतं पाणी ओतलं तर आतलं प्लॅस्टिक तडकतं. भाजीचा चुरा, कोथिंबिरीची पानं, शेवाळासारखा चिकट गाळ असं काहीबाही बाहेर येतं. अडलं तर लवचीक पातळ नळी हलक्या हाताने आत सारावी, विणायची सुई किंवा तार खुपसू नये. काही मॉडेलांत नळीच्या खालच्या टोकाला रबरी चोच असते, तीच गाळाने चिकटते. ती मागच्या बाजूने काढून धुता येते. शेवटी पेलाभर पाणी सोडून ते मागच्या ट्रेमध्ये उतरलं का हे डोळ्यांनी पाहावं. छिद्र वरचेवर गोठत असेल तर जाणते मेकॅनिक हीटरला जाड तांब्याची तार अडकवून तिचं टोक छिद्रात सोडतात, म्हणजे हीटर लागला की त्याची ऊब थेट तिथपर्यंत जाते. जिथे वीज तासन्‌तास जाते, तिथे हा त्रास अधिक: कॉइलवरचा सगळा बर्फ एकदम वितळतो, नळीच्या तोंडाशी अर्धवट अडतो आणि वीज आली की तिथेच गोठतो.

बर्फ सुरीने खरवडणं हा मात्र खरोखर घातक प्रकार आहे. एका दाराच्या फ्रीजमध्ये फ्रीजरच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यातच गॅसच्या नळ्या असतात. टोक एकदा घुसलं की फ्रीज कायमचा निकामी होऊ शकतो. शिवाय आताच्या बहुतेक घरगुती फ्रीजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन हा ज्वलनशील वायू असतो. त्याचं प्रमाण थोडं असतं हे खरं, पण बंद स्वयंपाकघरात शेगडी पेटलेली असताना तो सुटणं नको. मागच्या लेबलवर वायूचं नाव छापलेलं असतं, ते एकदा वाचून ठेवावं. हेअर ड्रायरही नको, कारण साचलेल्या पाण्याजवळ विजेचं उपकरण हातात धरावं लागतं. कोमट पाण्याचं पातेलं फ्रीजरमध्ये ठेवून वाट पाहिली की बर्फ स्वतःहून सुटतो.

दाराच्या रबराची परीक्षा दहा रुपयांच्या नोटेने होते. नोट दारात धरून दार लावावं आणि ओढावी. अडखळत आली तर रबर ठीक, अलगद निसटली तर तिथून दमट हवा आत शिरतेय. चारही बाजूंनी पाहावं, बिजागरीकडच्या कोपऱ्यात विशेष. पुष्कळदा रबर खराब नसतं, त्याच्या घडीत पीठ, तेल आणि धूळ बसलेली असते. साबणाच्या कोमट पाण्यात फडकं बुडवून ती पुसली की चुंबक पुन्हा पकड घेतं. फ्रीज किंचित मागे कललेला असावा, म्हणजे दार आपसूक लागतं. तो बाजूला कलला असेल तर मात्र वाट मोकळी असूनही मागचा ट्रे एका कडेने सांडतो.

आता या ट्रेविषयी, कारण इथे प्रश्न लादी ओली होण्यापुरता राहत नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती डास घरातल्या स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि फ्रीजमागचा काळोखा, उबदार ट्रे त्याला फार सोयीचा. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. महापालिकेचे आरोग्य कर्मचारी पावसाळ्यात घरी येऊन कुंड्यांबरोबर फ्रीजच्या मागेही पाहतात ते यासाठीच. त्यांना दारातून परत पाठवू नये. अंडी पाण्याच्या पातळीच्या जरा वर, ट्रेच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही महिनोन्‌महिने तग धरतात. म्हणून पाणी ओतून टाकणं पुरेसं नाही, आठवड्यातून एकदा ट्रे घासायला हवा. त्याला बारीक तडा आहे का, हेही तेव्हाच कळतं. दिवाळीच्या साफसफाईत फ्रीज पुढे ओढला जातोच, तेव्हा मागची जाळी झाडून घ्यावी आणि परत लावताना भिंतीपासून वीतभर तरी जागा सोडावी. जाळीची उष्णता बाहेर पडली नाही तर पाणीही नीट उडत नाही.

एवढं करूनही मेकॅनिकला बोलवावं लागलं, तर त्याला ‘फ्रीज बिघडलाय’ एवढंच सांगू नका. बर्फ तळाला आहे की मागच्या भिंतीला, पंख्याचा आवाज येतो की नाही, दिवसभर बंद ठेवल्यावर किती दिवस नीट चालला, हे सांगा. त्यावरून तो हीटर आणायचा की सेन्सर हे ठरवून येऊ शकतो. आणि कुणी नुसतं बघून ‘गॅस भरावा लागेल’ म्हणालं, तर थोडं थांबा. कॉइलभर बर्फ धरणाऱ्या फ्रीजमध्ये गॅस पुरेसा असतो. तो कमी असता तर बर्फ कॉइलच्या एखाद्या टोकालाच दिसला असता आणि बाकीची कॉइल उघडी राहिली असती. शिवाय गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. बंद नळ्यांतून तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. ती गळती आधी दाखवायला सांगा, ती बुजवल्यावरच गॅस भरू द्या.