पाळण्यातली मोजदाद

डोळ्याचं पातं लवायला सेकंदाचा किमान दहावा भाग लागतो. इंग्रजीतल्या 'ब' आणि 'प' यांच्यातली वेस ओलांडायला त्याचा पाचवा हिस्सा पुरतो, म्हणजे २० मिलिसेकंद. ओठ उघडल्यावर गळ्यातले स्वरतंतू कंप पावायला किती उशीर लावतात, यावर ते दोन ध्वनी वेगळे होतात. हे एक महिन्याच्या बाळाला कळतं का, हे १९७१ साली पीटर आयमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत तपासलं. बाळाला विचारणार कसं? त्यांनी चोखणीला दाब मोजणारं यंत्र जोडलं. तोच तो आवाज ऐकून बाळ कंटाळतं, चोखणं मंदावतं. काही नवं ऐकू आलं की पुन्हा जोरात चोखू लागतं. उशीर २० मिलिसेकंदांवरून ४० वर नेला तेव्हा बाळं चोखायला लागली. ६० वरून ८० वर नेला तेव्हा ढिम्म. फरक दोन्हीकडे २० चाच, पण वेस २० आणि ४० च्या मधे आहे. ६० आणि ८० एकाच गावात नांदतात.

ही उशिराची पट्टी ली लिस्कर आणि आर्थर अब्रॅमसन यांनी १९६४ सालीच ११ भाषांना लावून पाहिली होती. त्या अकरांत मराठी होती. इंग्रजीत दोन गावं निघाली, थाईमध्ये तीन, हिंदी-मराठीत चार: प, फ, ब, भ. चौथ्यापाशी मात्र पट्टी अडली. 'ब' आणि 'भ' यांच्यातला फरक उशिरात सापडेना, कारण 'भ'चं सगळं गुपित कंपाबरोबर झिरपणाऱ्या श्वासात आहे. शास्त्रज्ञांच्या पट्टीला जे मावलं नाही, ते भोरच्या किंवा भुसावळच्या पाळण्यातलं मूल विनासायास वेगळं काढतं. शिवाय आपल्या लिपीनं हातचं राखून ठेवलेले भेद आहेतच. 'चार'मधला च आणि 'चाक'मधला च कागदावर एकच. बाळाला अक्षरओळख नसते, म्हणून त्याच्या लेखी ते सुरुवातीपासून दोन.

जगभरच्या भाषांच्या ध्वनींची जंत्री करणाऱ्या 'फॉइबल' या संग्रहात वेगवेगळ्या ध्वनींची संख्या तीन हजारांच्या वर गेली आहे. पापुआ न्यू गिनीतल्या बुगनविल बेटावरच्या रोटोकास भाषेचं काम ११ ध्वनींत भागतं. बोट्स्वानातल्या 'ता' भाषेला शंभरावर लागतात. यातलं आपल्या वाट्याला काय येणार, हे जन्मलेल्या बाळाला ठाऊक नसतं. अगदी कोरी पाटीही नसते म्हणा. पोटात असतानाच शेवटच्या तीनेक महिन्यांत त्याला ऐकू येऊ लागतं. व्यंजनं भिंतीपलीकडल्या गप्पांसारखी बोथटतात, पण सूर पोचतो. २००९ साली जर्मनीतल्या वुर्ट्सबुर्गच्या कॅथलीन वेर्म्के यांच्या गटानं ३० फ्रेंच आणि ३० जर्मन बाळांचं रडणं मोजलं. बाळं अवघी ३ ते ५ दिवसांची. फ्रेंच बाळांच्या रडण्याचा सूर चढता होता, जर्मन बाळांचा उतरता.

आता जरा हिशेब मांडू. बोलताना माणूस सेकंदाला दहा-पंधरा ध्वनी सहज काढतो. आपण दहाच धरू. घरातलं बोलणं दिवसाला तीन तास कानावर पडतं असं समजलं, तर रोजचे १,०८,००० ध्वनी झाले. दहा महिन्यांत ३ कोटी २४ लाख. हे सगळं जातं ते एकेका कानातल्या, आवाज मेंदूकडे पोचवणाऱ्या साडेतीन हजारांच्या आसपास आतल्या केसपेशींमधून. यातले तीन तास माझे, अंदाजाचे. आजी घरात असेल तर ते दुप्पटही होतील. आणि उलटंही असतं. बोलिव्हियातल्या चिमाने लोकांत चार वर्षांखालच्या मुलांशी थेट बोलणं दिवसाउजेडी तासाला एक मिनिटही भरत नाही, असं २०१९ सालच्या एका अभ्यासात दिसलं. दिवसाला दहा मिनिटं धरली तर दहा महिन्यांत १८ लाख. चिमाने मुलंही चिमाने बोलतातच. मुलाशी रोज इतके हजार शब्द बोललंच पाहिजे असा धाक आईबापांना घालणाऱ्यांनी हा आकडा जवळ ठेवावा.

दहा महिनेच का धरले? त्या सुमारास दार लोटलं जातं. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. मोठ्या इंग्रजी भाषकांना हे दोन्ही एकच वाटतात. पुण्यात येऊन वर्षानुवर्षं राहिलेला गोरा पाहुणाही 'ताट'पाशी अडखळतो. सहा-आठ महिन्यांच्या जवळपास सगळ्या बाळांना मात्र फरक कळला. दहा-बारा महिन्यांच्या बाळांपैकी थोड्यांनाच. १९८४ साली हे छापून आलं. कान तोच, केसपेशी त्याच. पण कोट्यवधी ध्वनी चाळून झाल्यावर बाळानं ठरवलेलं असतं की या घरात त-टचा भेद पाळत नाहीत, तेव्हा तो जपण्यात हशील नाही. वऱ्हाडात 'डोळा' न म्हणता 'डोया' म्हणणाऱ्या मुलाला शाळेत हसणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. त्या मुलाच्या मोजणीत चूक नाही. त्याच्या घरात जे होतं ते त्यानं तंतोतंत मोजलं आहे.

दार लोटलेलं असतं, कडी लागलेली नसते. पॅट्रिशिया कूल यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी बोलणाऱ्या माणसांबरोबर खेळवलं: २५-२५ मिनिटांच्या १२ बैठका, एकूण पाच तास. तेवढ्यावर ती बाळं चिनी ध्वनींचा एक भेद तैवानी बाळांइतका ओळखू लागली. तीच माणसं, तेच बोलणं टीव्हीवर दाखवलं तेव्हा मिळकत शून्य.

आणि एवढ्या सगळ्या खटाटोपातून साठतं किती? फ्रान्सिस मोलिका आणि स्टीव्हन पियांटाडोसी यांनी २०१९ साली इंग्रजी येणाऱ्या मोठ्या माणसाच्या डोक्यातल्या भाषेचं वजन काढलं. अंदाजच, पण नीट केलेला. सगळी भाषा मिळून सव्वा कोटी बिट्स, म्हणजे जुन्या फ्लॉपीएवढी. त्यातला सिंहाचा वाटा शब्दांच्या अर्थांचा. ध्वनींचा वाटा किती, तर पन्नासेक ध्वनी, प्रत्येकी १५ बिट्स: एकूण ७५०. बाइट्समध्ये सांगायचं तर ९४. 'आई, घरी यायला उशीर होईल, तुम्ही जेवून घ्या.' हा निरोप देवनागरीत एसेमेस केला तर त्याचे ८६ बाइट्स होतात. तीन कोटी ध्वनी ऐकायचे आणि गाठीला बांधायचं ते एवढंसं! टनभर उसाची चमचाभर काकवीही नाही. पण तेवढं गाठीला नसेल तर पुढचा सव्वा कोटींचा संसार मांडणार कशावर?

हे कान झाले. जिभेची गोष्ट निराळी, आणि बरीच संथ. एमआयटीतल्या देब रॉय यांनी २००५ साली मुलगा जन्मला तेव्हा घरभर ११ कॅमेरे आणि १४ मायक्रोफोन बसवले आणि तीनेक वर्षं घर टिपलं. आवाजाचं ध्वनिमुद्रण भरलं १,४०,००० तास. रात्रंदिवस ऐकायला बसलं तर १६ वर्षं लागतील. त्यातून त्यांनी एकच शब्द वेचून त्याची मालिका ऐकवली: 'गागा'पासून 'वॉटर'पर्यंत. पाणी मागायला शिकायला त्या मुलाला जवळजवळ सहा महिने लागले.

मधल्या काळात कान पुढे आणि जीभ मागे अशी ओढाताण चालते. अमेरिकेत जीन बेर्को आणि रॉजर ब्राउन यांनी १९६० साली एका मुलाची हकीकत नोंदवली. तो आपल्या खेळण्यातल्या 'फिश'ला 'फिस' म्हणायचा, पण मोठ्यांनी 'फिस' म्हटलेलं त्याला खपत नसे. आपल्याकडे 'क'च्या जागी 'त' येतो. माझी भाची दोन वर्षांची असताना मला 'ताता' म्हणायची, कारण शेजारची मुलं मला काका म्हणत. मीही एकदा लाडात येऊन तिला म्हटलं, "ये, ताताकडे ये."

ती जागची हलली नाही. कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "ताता नाई. ताता!"