रेस उतरत का नाही?

जुनी आरएक्स 100 सकाळी एका किकमध्ये चालू होते, पण ॲक्सिलरेटर सोडला तरी तिची रेस उतरत नाही. गॅरेजमध्ये ही तक्रार घेऊन गेलं की बहुधा एकच उत्तर मिळतं, ‘कार्बोरेटर साफ करू.’ दोन दिवस गाडी बरी चालते, मग पुन्हा तेच. कचरा निघालेला असतो, पण हवा चोरणारी फट तशीच राहिलेली असते. टू-स्ट्रोक गाडीत सफाईपेक्षाही सील महत्त्वाचे, हे मला माझ्या गाडीचा पिस्टन भर घाटात जाम झाल्यावर कळलं.

एस्कॉर्ट्सने 1985 ते 1996 या काळात बनवलेल्या या 98 सीसी गाडीला मिकुनीचा व्हीएम 20 कार्बोरेटर असतो. 20 म्हणजे त्याच्या नळीचा व्यास, मिलिमीटरमध्ये. खाली पेट्रोलची वाटी, तीत फ्लोट. पातळी चढली की फ्लोट नीडल दाबून पेट्रोल अडवतो. इंजिन हवा ओढतं, नळीत हवेचा वेग वाढतो, दाब घटतो आणि वाटीतलं पेट्रोल जेटमधून वर चढून फवारा होऊन हवेत मिसळतं. ना सेन्सर, ना वीज. एक ग्रॅम पेट्रोलमागे सुमारे 14.7 ग्रॅम हवा लागते, आणि हा हिशेब काही पितळी भोकांच्या मापावर सांभाळला जातो. या साधेपणाचं मला अजून नवल वाटतं.

म्हणूनच कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या कडक झालेल्या जॉइंटमधून थोडी जास्तीची हवा आत शिरली, तरी हिशेब बिघडतो. हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडून मिश्रण लीन होतं, रेस उतरत नाही, इंजिन तापतं, पिस्टन फुगून सिलिंडरला धरतो.

कार्बोरेटर खोलताना घाई नडते ती पहिल्याच स्क्रूला. मिकुनीचे स्क्रू जपानी घडणीचे. बाजारातला फुलीचा स्क्रू ड्रायव्हर त्यांत नीट बसत नाही आणि खाचा खातो. जपानी मापाचा स्क्रू ड्रायव्हर आणावा, मुठीवर हलकी टपली द्यावी, मग फिरवावा. फ्लोटची पिन ठोकून काढू नये. तिला धरणारे खांब ओतीव धातूचे असतात, तुटले की कार्बोरेटर गेला.

पायलट जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असतं. त्यात क्लच वायरचा धागा घालणारे हात मी पाहिलेत, आणि प्रत्येक वेळी जीव कळवळतो. पोलादाने पितळ घासलं की भोक मोठं होतं, जेटवरचा नंबर खोटा ठरतो. जेट क्लीनरमध्ये भिजू द्यावा, हवा मारावी, आणि उजेडाकडे धरून भोक गोल दिसतं का ते पाहावं. क्लीनर मारण्याआधी सगळं रबर बाजूला काढलेलं हवं, नाहीतर ते फुगतं.

आता पेट्रोलच बदललंय. 2025 मध्ये त्यात इथेनॉलचं प्रमाण 20 टक्क्यांवर पोचलं. त्यातला काही भाग आपल्याच साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतून येतो. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, टाकीतला जुना थर सोडवून खाली आणतं आणि त्या काळच्या रबराला सोसत नाही. शिवाय त्यात स्वतःचा ऑक्सिजन असल्याने निव्वळ पेट्रोलसाठी मोजलेले जेट थोडे लीन पडतात. त्यामुळे नवे सील घेताना विटॉनचे मागावेत, चार पैसे जास्त मोजून. वाटीचं जुनं पॅकिंग पेट्रोलने ताणलेलं असतं, खाचेत परत बसत नाही. त्याच्या जागी सिलिकॉन थापणं हा तर गुन्हाच. पेट्रोलने ते सुटतं आणि त्याचे तुकडे जेटमध्ये अडकतात.

वाटी लावण्याआधी एक परीक्षा मी कधी चुकवत नाही. कार्बोरेटर उलटा धरायचा, पेट्रोलच्या तोटीला स्वच्छ नळी लावून हलकेच फुंकायचं. फ्लोटच्या वजनाने नीडल बसलेली असते, त्यामुळे हवा जाता कामा नये. सरळ केला की फुंकर मोकळी जायला हवी.

मग गाडीवर चढवून क्लॅम्प आवळायचे, कॉक उघडायचा, इंजिन गरम होऊ द्यायचं. एकदा रेस द्यायची आणि मूठ सोडायची. आवाज लगेच खाली येऊन ठोके एकसारखे पडू लागले, की मी कॉक उघडाच ठेवून कार्बोरेटरखाली वर्तमानपत्राचा कागद पसरतो. सकाळी तो कोरडा हवा.