मधुमेहाचे मृत्यू : बायकांचे जास्त की पुरुषांचे?

‘मधुमेहाने बायका जास्त दगावतात की पुरुष?’ असा प्रश्न वर्गात आला, तर एका शब्दात उत्तर देण्याचा मोह आपण टाळायला हवा. या साध्या प्रश्नाच्या पोटात तीन निराळे प्रश्न आहेत.

पहिला, आपण मोजतो काय? समजा, एका गावात साठीच्या पुढचे १००० पुरुष आणि २००० बायका आहेत. वर्षभरात मधुमेहाने ४ पुरुष आणि ६ बायका दगावल्या. मृत्यू बायकांचे जास्त. पण दर हजारी पाहिले तर पुरुषांत ४, बायकांत ३! बायका सरासरीने जास्त जगतात, म्हणून उतारवयात त्यांची संख्या जास्त असते, आणि मधुमेहाचे मृत्यू मुख्यतः त्याच वयातले. त्यामुळे तुलना करताना दोन्हीकडे वयांची रचना सारखी आहे असे धरून दर पुन्हा काढतात. तरुणांचा बिहार आणि वृद्धांचे प्रमाण अधिक असलेला केरळ यांची तुलना याशिवाय करता येत नाही.

दुसरा प्रश्न शरीराचा. पुरुषांची चरबी पोटात व यकृताभोवती लवकर साठते, म्हणून तुलनेने कमी वजनावरही त्यांना मधुमेह होतो. बायकांची चरबी पाळीच्या वयात मांड्या व नितंबांवर, त्वचेखाली साठते आणि ती कमी घातक असते. मात्र मधुमेह जडल्यावर चित्र पालटते. सुमारे १० लाख लोकांची माहिती एकत्र करून २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, रक्तवाहिन्या तुंबून येणाऱ्या मृत्यूचा धोका मधुमेहामुळे पुरुषांत सुमारे दुप्पट, तर बायकांत तिप्पट होतो. येथे एक सावधगिरी हवी. ही तुलना मधुमेह नसलेल्या बायकांशी आहे, पुरुषांशी नाही. बायकांचा मूळ धोका कमी असतो. ते निसर्गदत्त संरक्षण मधुमेह बरेचसे हिरावून घेतो, असा याचा अर्थ.

प्रदेशाप्रमाणे उपचारही बदलतात. श्रीमंत देशांत मधुमेहामुळे मृत्यूचा धोका साधारण दुप्पट होतो. पण मेक्सिको शहरातल्या सुमारे दीड लाख लोकांच्या पाहणीत, ३५ ते ५९ या वयात तो पाचपटीहून अधिक आढळला. साखर नीट आटोक्यात नसल्याने मूत्रपिंडाचे विकार व जंतुसंसर्ग यांनी तेथे पुष्कळ बळी घेतले.

तिसरा प्रश्न नोंदीचा, आणि आपल्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा. २०२० साली भारतात नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२ ते २३ टक्के मृत्यूंचेच कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेले होते. गोव्यात हे प्रमाण जवळपास पूर्ण, तर बिहारमध्ये अगदी नगण्य. प्रमाणित मृत्यूंत पुरुष बायकांपेक्षा बरेच जास्त असतात. दवाखान्यात न पोचता घरीच गेलेल्या बाईचा मधुमेह कोणत्याच तक्त्यात येत नाही. शिवाय दाखल्यावर नुसते ‘हृदयविकार’ लिहिले, तर त्यामागचा मधुमेह पुसला जातो. म्हणजे तक्त्यातला बायकांचा कमी आकडा हा कमी आजाराचा पुरावा असेलच असे नाही. तो कमी तपासणीचाही असू शकेल.

वर्गात वरच्या गावाचे गणित मुलांना करू द्यावे. मग त्यांना एकच प्रश्न विचारावा : त्या ६ बायकांपैकी तिघींची कधी तपासणीच झाली नसती, तर आपण काय निष्कर्ष काढला असता?