जपानी भाषेंत पाणी कसें मागावें?

आमचें पिंपळे सौदागर पवनेच्या कांठीं वसलेलें आहे. एके काळीं येथें शेतें होतीं. आतां उंच इमारती उभ्या आहेत, आणि चाकणच्या बाजूस ब्रिजस्टोनसारखे जपानी कारखाने आले आहेत. पुण्यास रानडे इन्स्टिट्यूटमध्यें जपानी भाषेचे वर्गही चालतात. तेव्हां आपल्यापैकीं कांहीं विद्यार्थ्यांस पुढें त्या भाषेशीं व्यवहार करावा लागेल, हें उघड आहे. परकी भाषा शिकणारानें पहिलें वाक्य कोणतें शिकावें? आमच्या मतें पाणी मागण्याचें. नमस्कार केल्यावांचून एखादा दिवस निभावेल; पाण्यावांचून निभावणार नाहीं.

जपानी मनुष्यास तहान लागली म्हणजे तो "नोदो गा कावाइता" असें म्हणतो. 'नोदो' म्हणजे घसा, 'गा' हा कर्ता दाखविणारा प्रत्यय, आणि 'कावाइता' म्हणजे सुकला. घसा सुकला! आपणही हेंच म्हणतों. शिवाय येथें क्रियापद भूतकाळीं आहे, ही मौज विद्यार्थ्यांनीं पाहावी. तहान आतां लागलेली असते, तरी जपानी मनुष्य 'सुकला' म्हणतो आणि आपण 'तहान लागली' म्हणतों. इंग्रज मात्र 'मी तहानलेला आहें' अशा अर्थानें वर्तमानकाळीं बोलतो. म्हणून इंग्रजीच्या वाटेनें जपानीकडे जाणारा येथें अडखळतो. मराठी मुलानें ती आडवाट धरण्याचें कारण नाहीं.

पाणी मागावयाचें तर "मिझु ओ कुदासाइ" म्हणावें. 'मिझु' पाणी, 'ओ' कर्माचा प्रत्यय, 'कुदासाइ' द्या. क्रियापद आपल्याप्रमाणेंच शेवटीं येतें. 'कुदासाइ'च्या जागीं 'कुरे' म्हटल्यास तें 'दे रे' असें होईल. तें परक्या घरीं शोभणार नाहीं. अधिक नम्रतेनें मागावयाचें असल्यास "ओमिझु ओ इतादाकेमासु का?" असें विचारतात. येथें पाण्यामागें लागलेला पहिला 'ओ' आदराचा आहे, दुसरा कर्माचा. दोहोंची गल्लत करूं नये. शेवटचा 'का' तर आपलाच वाटतो! 'इतादाकु' या क्रियापदाचा मूळ अर्थ डोक्यावर धारण करणें असा आहे. दुसऱ्यानें दिलेलें घेणें म्हणजे तें शिरोधार्य मानणें, हा भाव आपणांस समजावून सांगावयास नको. जपानी मुलें जेवणापूर्वीं "इतादाकिमासु" म्हणतात, तेंही हेंच क्रियापद.

एका ठिकाणीं मात्र मराठी कामास येत नाहीं. 'मिझु' म्हणजे थंड पाणी. तापविलेल्या पाण्यास 'यु' किंवा आदरानें 'ओयु' असा निराळाच शब्द आहे. आपल्याकडे भातासाठीं उकळत ठेवलेल्या पाण्यास आधण म्हणतात, परंतु तें पिण्यास कोणी मागत नाहीं. घसा दुखत असतां 'गरम मिझु' मागणारा विद्यार्थी जपानी कानास विचित्र वाटेल. त्यानें 'ओयु' मागावें. भोजनगृहांत थंड पाण्यास 'ओहिया' म्हणतात. हा शब्द मूळचा राजवाड्यांतील स्त्रियांच्या बोलींतला.

हीं वाक्यें वर्गांत हंसत खेळत पाठ होतात. परंतु 'मिझु' हा शब्द जपानांत फार दुःखाच्या आठवणीशींही जोडलेला आहे. १९४५ च्या ऑगस्ट महिन्यांत ६ तारखेस हिरोशिमावर व ९ तारखेस नागासाकीवर अणुबाँब पडले. भाजलेलीं माणसें, त्यांत शाळेंतील मुलेंही, "मिझु, मिझु" म्हणून पाणी मागत होतीं. भाजलेल्यास पाणी पाजलें तर तो दगावतो, अशी समजूत असल्यामुळें पुष्कळांनीं जवळ पाणी असूनही तें दिलें नाहीं. न दिलेल्या त्या घोटाचा सल वांचलेल्या कित्येकांच्या मनांत आयुष्यभर राहिला. पाणी मागत मागत मेलेल्यांच्या स्मरणार्थ नागासाकीच्या शांति-उद्यानांत १९६९ सालीं एक कारंजें बांधण्यांत आलें. त्याच उद्यानांत दरवर्षीं ९ ऑगस्टला लोक जमतात आणि मृतांस पाणी अर्पण करतात.